निष्ठावंत आणि विश्वासू

पुण्यात कुठल्याही चौकात मान वर केली की फ्लेक्सवर कुणीतरी ‘निष्ठावंत कार्यकर्ता’ हात जोडून उभा असतो. ‘विश्वासू कार्यकर्ता’ असा फ्लेक्स मी तरी पाहिलेला नाही. विश्वासू हा शब्द आपण घरकामाच्या मावशींसाठी राखून ठेवलाय, सोनारासाठी, किंवा गावाला जाताना ज्यांच्याकडे किल्ली देतो त्या शेजाऱ्यांसाठी. आमच्या चर्चच्या मंडळीत मात्र दोन्ही शब्द एका दमात येतात. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात तर हमखास.

निष्ठेत ‘स्था’ धातू आहे, म्हणजे उभं राहणं. आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत हे निष्ठा सांगते, आणि ती स्वतःच जाहीर करता येते. विश्वासूपणाचं तसं नाही. ज्यानं काही सोपवलं, त्यानंच तो शब्द उच्चारायचा. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात पवित्र आत्म्याचं फळ सांगताना विश्वासूपणा येतो, तिथे मूळ ग्रीक शब्द ‘पिस्तिस’ आहे. विश्वास आणि विश्वासूपणा दोन्हीला तो एकच. मराठीतही ते एकाच घरातले आहेत, हे आपलं नशीब.

दोघांतला फरक येशूचा शिष्य पेत्र याच्या एका रात्रीत दिसतो. सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. येशूला धरायला शिपाई आले तेव्हा तलवार उपसून महायाजकाचा दास मल्ख याचा उजवा कान कापणारा तोच. पण त्याआधी गेथशेमाने बागेत त्याला सांगितलेलं काम अगदी साधं होतं: जागं राहा. तेवढं झालं नाही. पुढे समुद्रकाठी येशूनं त्याच्याकडून निष्ठेची नवी शपथ घेतली नाही. प्रीती करतोस का, एवढंच तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मेंढरं सोपवली.

आता आमच्या टेबलाकडे येतो. मी काही वर्षं मंडळीचा खजिनदार होतो. उपासनेनंतर अर्पणाच्या पिशव्या टेबलावर उलट्या करायच्या, घामट दहाच्या नोटा सरळ करायच्या, नाणी ढिगांत लावायची, दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि दोघांनी सही करायची, अशी रीत. एका रविवारी जोडीदाराला लग्नाला जायचं होतं. “तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे,” म्हणत त्यांनी कोऱ्या रकान्यापुढे सही केली. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर जरा फुगलोच. बँकेत भरणा करताना दोनशे रुपये कमी निघाले. पुढच्या बैठकीत एका तरुण सभासदानं याबद्दल विचारलं, तर सगळे त्याच्यावरच तुटून पडले: आपल्याच माणसांवर संशय? पोराला निष्ठा नाही!

निष्ठा भरपूर होती, सगळ्यांकडेच. कमी पडली ती दुसरी मोजणी. प्रेषित पौलानं यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती न्यायला आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी विश्वासी भाऊ धाडले आणि कारणही लिहिलं: या रकमेवरून कुणी दोष देऊ नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या नजरेतही व्यवहार चोख दिसावा. प्रेषितालाही दुसरी सही लागत होती.

उलटं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. पंडिता रमाबाईंचा 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण तिथल्या मार्गदर्शकांशी त्यांचे सिद्धांतांवरून खटके उडत राहिले. निष्ठेच्या कसोटीवर त्यांना कुणी पहिला वर्ग दिला नसता. दुष्काळातल्या मुली मात्र त्यांनी केडगावला आणून सांभाळल्या, आणि बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर 1922 साली मरण येईपर्यंत सोडलं नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या तर बायबलमधली रूथ. “तुमचे लोक ते माझे लोक” हे तिचं वचन लग्नात हौसेनं वाचतात. (ते सासूला म्हटलंय, हे वधूवरांना कुणी सांगत नाही.) ती झाली निष्ठा. दुसऱ्या अध्यायात ती परक्याच्या शेतात दिवसभर सरवा वेचते, संध्याकाळी झोडपून एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) सातू घरी आणते, आणि दुपारच्या जेवणातलं राखून ठेवलेलं काढून सासूच्या, नामीच्या हातावर ठेवते.