ब्रिक्स देशांसोबत संयुक्त संशोधन: ठाणे-नवी मुंबईच्या प्राध्यापकांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची माहिती

ठाणे खाडीच्या गाळातले जड धातू, कांदळवनात अडकणारं प्लास्टिक, ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं कारखान्यांचं सांडपाणी. आपल्या कॉलेजांमध्ये या विषयांवर प्रबंध होतात आणि लायब्ररीत जाऊन बसतात. हेच काम दुसऱ्या देशांतल्या संशोधकांबरोबर करायचं असेल, तर ब्रिक्सचा विज्ञान, तंत्रज्ञान व नवोन्मेष कार्यक्रम त्यासाठी निधी देतो. हा निधी फक्त मोठ्या संस्थांसाठीच असतो, असं समजून आपल्याकडचे बरेच जण कॉल, म्हणजे प्रस्ताव मागवणारी सूचना, वाचतही नाहीत. तो वाचायला हवा.

आधी विषय कसे ठरतात ते पाहू. फेब्रुवारी २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिक्सच्या विज्ञानमंत्र्यांची पहिली बैठक झाली आणि तेव्हाच्या पाच सदस्य देशांनी पाच क्षेत्रांचं नेतृत्व वाटून घेतलं. नैसर्गिक आपत्ती ब्राझीलकडे, जलस्रोत आणि जलप्रदूषण रशियाकडे, भू-स्थानिक तंत्रज्ञान भारताकडे, नवी व अक्षय ऊर्जा चीनकडे आणि खगोलशास्त्र दक्षिण आफ्रिकेकडे. मार्च २०१५ मध्ये सामंजस्य करार झाला आणि २०१६ मध्ये पहिला कॉल निघाला. तोवर यादीत जैवतंत्रज्ञान, द्रव्यविज्ञान (मटेरियल सायन्स), सागरी व ध्रुवीय विज्ञान असे विषयही आले होते. प्रत्येक कॉलचे विषय वेगळे असतात, त्यामुळे जुना कॉल समोर ठेवून प्रपोजल लिहू नका.

मुख्य अट अशी की किमान तीन ब्रिक्स देशांतले भागीदार हवेत. बरेच अर्ज इथेच अडतात. कॉलसोबत एक तक्ता असतो: कोणत्या देशाची कोणती निधी संस्था कोणत्या विषयाला पैसे देणार आहे. तुमचा विषय जलप्रदूषण आहे आणि ब्राझीलचा भागीदार कितीही चांगला आहे, पण त्या कॉलमध्ये ब्राझीलच्या संस्थेने तो विषय घेतलेलाच नाही, तर तो भागीदार तीनच्या हिशोबात धरला जात नाही. म्हणून मैत्री जुळवण्याआधी तक्ता बघा.

भागीदार निवडताना प्रश्न खरोखर सामाईक असावा. खाडीचंच उदाहरण घ्या. रिओजवळचा ग्वानाबारा उपसागर, दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन बंदर, चीनमधलं शेन्झेन: तिन्हीकडे शहराला खेटून कांदळवन आहे, आणि महानगराची घाण कांदळवन किती पचवतं हा प्रश्न तिथेही आहे. रशियात कांदळवनच नाही, त्यामुळे या विषयात त्यांचा सहभाग फक्त प्रयोगशाळेतल्या विश्लेषणापुरता राहील. परीक्षक हे लगेच ओळखतात.

भारताच्या बाजूने निधी प्रामुख्याने विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीएसटी देतो. मुख्य संशोधक मान्यताप्राप्त विद्यापीठ, कॉलेज किंवा राष्ट्रीय संशोधन संस्थेत नियमित पदावर असावा लागतो. खासगी ना-नफा संशोधन संस्थेला डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची नोंदणी लागते. निवृत्ती जवळ आली असेल, तर बरीच सेवा शिल्लक असलेला सहसंशोधक सोबत घ्या. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना मुख्य संशोधक होता येत नाही. कॉलेजांमधलं कितीतरी काम हीच मंडळी ओढतात, त्यामुळे हा नियम बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं.

अर्ज दोन ठिकाणी करावा लागतो. समूहाचा समन्वयक सर्वांच्या वतीने एक संयुक्त अर्ज ब्रिक्स कार्यक्रमाच्या सचिवालयाकडे पाठवतो. त्याशिवाय प्रत्येक देशातला संशोधक आपापल्या निधी संस्थेकडे वेगळा अर्ज करतो, आपल्याकडे तो डीएसटीच्या ई-पीएमएस पोर्टलवर भरायचा असतो. दोन्हींपैकी एक राहिला की प्रस्ताव बाद. शीर्षक, भागीदारांची नावं आणि कालावधी दोन्हीकडे तंतोतंत सारखे ठेवा.

कागदपत्रांमध्ये सर्व भारतीय संशोधकांचे बायोडेटा, संस्थाप्रमुखांचं सही-शिक्क्याचं संमतिपत्र, मुख्य संशोधकाचं प्रमाणपत्र, वाङ्मयचौर्य नसल्याचं हमीपत्र, चालू प्रकल्पांची माहिती आणि वर्षनिहाय अंदाजपत्रक लागतं. संमतिपत्राचा नमुना कॉलमध्ये दिलेला असतो, तोच वापरा. सही संस्थाप्रमुखाची लागते, विभागप्रमुखाची चालत नाही. अंदाजपत्रकात फक्त आपल्या बाजूचा खर्च दाखवायचा, कारण प्रत्येक देश आपल्याच संशोधकांना पैसे देतो. मनुष्यबळाचे दर डीएसटीच्या नियमांप्रमाणे लावा.

नमुने परदेशी पाठवायचे असतील, तर जैविक विविधता कायदा, २००२ आड येतो. केंद्र सरकारने मान्य केलेल्या सहकार्य प्रकल्पांना कलम ५ नुसार सवलत आहे, पण ती आपोआप मिळत नाही. प्रकल्प मार्गदर्शक तत्त्वांनुसार असावा लागतो, म्हणून नमुन्यांतले कोणते सूक्ष्मजीव कुठे जाणार हे प्रपोजलमध्येच स्पष्ट लिहा. आरोग्याचा विषय असेल, तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. खारघर-नेरुळच्या वैद्यकीय संस्थांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आणखी एक स्थानिक बाब. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. अभयारण्यातून नमुने घ्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. हे कार्यालय नागपूरला आहे, म्हणून अर्ज वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी बोलून लवकर टाका. नमुने घेण्याची ठिकाणं नकाशावर अक्षांश-रेखांशासह दाखवा, आणि परदेशी सहकारी प्रत्यक्ष खाडीत उतरणार असतील तर त्यांची नावंही त्याच अर्जात घाला.