घरभेटीच्या यादीत म्हातारी माणसं मागे का राहिली?

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखाना लांब पडतो, हे खरंच. पण अंतर हे अर्धंच कारण आहे. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या 1946च्या भोर समितीनंतर ग्रामीण आरोग्यव्यवस्था उभी राहिली ती माता-बालआरोग्य, साथरोग आणि पुढे कुटुंबनियोजनावर. सपाट भागात 5,000 लोकांमागे उपकेंद्र, 30,000 मागे प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी-आदिवासी भागात 3,000 आणि 20,000. या हिशेबात माणसं मोजली गेली, त्यांतली चालत येऊ शकणारी किती हे नाही.

घरी जाऊन उपचार देणं आपल्याला जमत नाही असं मात्र नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1990च्या दशकात 39 गावांत ते करून दाखवलं. गावातल्याच बाईला शिकवलं, हाताशी वजनकाटा, थर्मामीटर, औषधं दिली, भेटींचे दिवस बांधून दिले, वर देखरेख ठेवली. नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी उतरला. आज आशाताई बाळंतिणीकडे 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जातात, त्याची मुळं या कामात आहेत.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत 2010-11च्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयात 10 खाटा, आरोग्य केंद्रात आठवड्याला वृद्धांची ओपीडी आणि उपकेंद्राकडून अंथरुणावरच्या रुग्णांची घरभेट अशी मांडणी केली. खाटा मोजता येतात, ओपीडीला वार असतो. घरभेटीला बाळंतिणीसारखं तारखांचं वेळापत्रक मिळालं नाही, तिथेच ती सुटते. 2018नंतर आशाताई घरोघरी आजारांचा धोका तपासायला भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये साठीपुढच्यांना जेवण, आंघोळ, शौचासाठी आधार लागतो का, हे विचारलं जाऊ लागलं. नाव सापडतं; पुढे कोणी कधी जायचं, हा प्रश्न उरतो.

उदाहरणादाखल अंथरुणावरच्या रुग्णाला घातलेली लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, घ्या. साधी लॅटेक्सची कॅथेटर साधारण 2 ते 4 आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची 12 आठवड्यांपर्यंत चालते. नळी कुठली आणि कधी घातली हे घरी कुणी लिहून ठेवत नाही. आत क्षार साचून ती तुंबते, लघवी कडेने झिरपू लागते. घरच्यांना वाटतं नळी सैल झाली. पिशवी बाजेच्या उशाशी वर टांगली तर लघवी उलटी फिरते, जमिनीला टेकली तर जंतुसंसर्गाचा धोका. मग ताप, आणि भाड्याची जीप करून तालुका. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच: मुलगा चिठ्ठी दाखवून महिन्याच्या गोळ्या आणतो, बीपी मात्र कुणी मोजलेलं नसतं.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना सरकारच्या आयुष्मान योजनेतून रुग्णालयातल्या उपचारांसाठी वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. मोठा आधार आहे; पण तो दाखल होण्याशी बांधलेला आहे, त्याआधीचे 3 आणि नंतरचे 15 दिवस धरून. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टर गोळी बदलू शकतात, पण त्यासाठी बीपीचं मशीन बाजेपर्यंत कुणीतरी न्यायला हवं. अशा घरभेटींची सुरुवात उपकेंद्राच्या रजिस्टरात तीन रकाने आखून करता येते: अंथरुणावरच्या रुग्णाचं नाव, नळी घातल्याची तारीख, पुढच्या भेटीची तारीख.