शिक्र्याची दहशत आणि तिचे वाटेकरी

महाराष्ट्रात शिक्रा बाराही महिने आढळतो. कबुतराएवढ्या या शिकारी पक्ष्याच्या नराची पाठ निळसर राखी, छातीवर तांबूस आडवे पट्टे आणि डोळे लाल असतात. मादी आकाराने मोठी, तर पिल्लांच्या छातीवर तपकिरी उभे फराटे असतात.

आखूड, गोलसर पंख आणि लांब शेपटी यांमुळे त्याला दाट फांद्यांमधून झटकन वळता येते. तो पानोळ्यात दडून बसतो आणि सरडा, उंदीर, खार किंवा लहान पक्षी गाफील दिसताच झेप घेतो. ससाणे चोचीच्या कडेवरील दातासारख्या उंचवट्याने भक्ष्याची मान तोडतात, शिक्रा मात्र पंजांच्या पकडीनेच जीव घेतो. दोघे दिसायला भाऊबंद वाटले, तरी 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ससाण्यांचे जवळचे नाते पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांशी असल्याचे दाखवले.

अशा दबा धरणाऱ्या शत्रूसमोर क्षणाचा उशीरही जिवावर बेततो, म्हणून लहान पक्षी खातरजमा न करता पळ काढतात. मला शिक्र्याच्या शिकारीपेक्षाही या घाईचा इतरांनी करून घेतलेला उपयोग अधिक विलक्षण वाटतो. कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून साळुंक्यांना उडवून लावतो आणि त्यांनी टाकलेले भक्ष्य पळवतो. ‘पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्यांच्या परिचयाचा पावशा तर रंग, छातीवरचे पट्टे आणि उडण्या-बसण्याची ढब, सारेच शिक्र्यासारखे बाळगतो. प्रत्यक्षात तो सुरवंट खाणारा आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणारा कोकीळ कुळातला पक्षी आहे.

या सोंगाचा लाभ काय, याचे उत्तर इंग्लंडमध्ये पक्षी-अभ्यासक निक डेव्हिस आणि जस्टिन वेल्बर्गन यांनी तेथील कुक्कू (कोकीळ कुळातला पक्षी) व स्पॅरोहॉक (शिक्र्यासारखा शिकारी) या अशाच जोडीवरील प्रयोगांतून शोधले. कुक्कूच्या छातीवरचे पट्टे झाकले, तेव्हा त्याला घाबरणारे टिट पक्षी पुष्कळच निर्धास्त झाले. आणि ज्यांच्या घरट्यात कुक्कू अंडी घालतो ते वटवटे पट्टेवाल्या प्रतिकृतीजवळ जाऊन हल्ला करण्यास कचरले. घरट्याच्या मालकाने जवळ येण्यात केलेली ही दिरंगाईच दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या परपोषी पक्ष्याच्या पथ्यावर पडते. आपल्याकडे शिक्रा आणि पावशा या दोघांचाही विणीचा हंगाम साधारण मार्च ते जून असतो, त्यामुळे सातभाईंना आपल्या घरट्याभोवती खरा शिकारी आणि त्याचा तोतया या दोघांनाही एकाच काळात ओळखावे लागते.