बसलेली गाडी

‘गाडी बसली’ ही आमच्या बेळगावात कालपरवापर्यंत तक्रार होती. मामांची फियाट सौंदत्तीच्या डोंगराहून परतली की मिस्त्री मागच्या चाकावरच्या फटीत हात घालून बघायचा. चार बोटांच्या जागी तीनच शिरली की निकाल ठरलेला: “पाटे बसलेत की मालक, एक वाढवून घालूया.” पाटे म्हणजे मागचा भार पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. आज टिळकवाडी, शहापूरकडची पोरं तसलीच पद्मिनी गॅरेजला आणतात आणि त्या फटीत बोटसुद्धा जाऊ नये म्हणून पैसे मोजतात.

फियाट ११०० चं नवं रूप इटलीत १९५३ साली आलं. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने इथे १९६४ पासून तिचं ‘डिलाइट’ मॉडेल बनवलं आणि तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी म्हणून विकली. ॲम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. ती कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनत राहिली. दोन्ही चार-पाच माणसांच्या गाड्या. आमच्याकडे त्यात पोराबाळांसह आठ जण आणि वर टपावर बोचकी. पुणे-बेंगळूर रस्ता चौपदरी झाला तो या शतकात. त्याआधी निपाणी-संकेश्वरकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि खानापूरकडे पावसाने उघडी पाडलेली खडी. चाकोरीमधल्या उंचवट्याला इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर लागला की ऑइल रस्त्यावर आणि गाडी बैलांच्या मागे. पाटा वाढवण्यात चैन कसली, गरजच होती ती.

गाडी मुद्दाम खाली घ्यायची कल्पना दुसरीकडची. शर्यतीवाल्यांना ती वळणासाठी हवी असते: वजन जमिनीजवळ आलं की गाडी कमी कलंडते. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांमधल्या तरुणांना मात्र ती हळू, डौलात फिरवायची होती. डिकीत वाळूची पोती टाकून नाहीतर स्प्रिंग कापून ते गाडी बसवायचे. चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली गाडीचा कोणताही भाग नको, असा कायदा तिथे १९५८ पासून लागू झाला. त्यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला तेलाच्या दाबाने गाडी वर-खाली करणारं हायड्रॉलिक्स बसवलं. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर! ते निर्बंध राज्याने उठवले २०२४ साली. (बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक पंप बनतात, तेव्हा ही खोड आमच्याकडेच सुचायला हवी होती.)

फियाट खाली घ्यायची तर पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे, असे दोन वेगळे हिशेब. स्प्रिंगचा वेढा कापला की ती आखूड होते तशी कडकही होते. पाटा काढला तर उलट, मागची बाजू मऊ पडते. दोन्ही एकदम केलं की गाडी पुढे दगड, मागे गादी. ॲम्बेसेडरला पुढे स्प्रिंग नाहीच, पिळणारी लांब सळई आहे, टॉर्शन बार. तिच्या टोकाचे दाते एखादं घर सरकवले की नाक खाली येतं, पण कडकपणा तेवढाच राहतो. त्यामुळे खड्ड्यात गाडी धक्का अडवणाऱ्या रबरी गुटक्यावर लवकर आपटते. सगळ्यात वाईट म्हणजे गॅसने स्प्रिंग लाल करून दाबणं. दहा मिनिटांत काम होतं खरं, पण स्प्रिंगचं पाणी, म्हणजे पोलादाचा ताठपणा, उतरतं आणि पुढे ती बसतच जाते. फियाट खाली आली की पुढची चाकंही वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. अलाइनमेंट न करता चोर्ला घाट उतरणाऱ्यांना मी हात जोडतो.

कायद्याची बाजू आपल्याकडेही आहेच. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या ‘व्हिंटेज’ गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर दिला. अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्येच त्या वयाला पोचली. तेव्हापासून जाणते मिस्त्री मागे पाट्यांना हातच लावत नाहीत. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये दोन इंची लोखंडी ठोकळा आणि लांब यू-बोल्ट घालतात. पासिंगच्या आदल्या दिवशी नट सोडून ठोकळे काढले, जुने बोल्ट आवळले की गाडीची मागची बाजू परत उठते, मामांच्या वेळी होती तेवढी.