मागचा लाइट मंद पडलाय? बल्ब राहू द्या, आधी अर्थिंग बघू

फियाट, ॲम्बेसिडर, हेराल्ड, मॉरिस, विलीज जीप, जावा, येझदी, जुनी बुलेट, लॅम्ब्रेटा, बजाज, यातलं काहीही तुमच्या दारात असेल तर हा कागद वाचा आणि गाडीतच ठेवून द्या.

आमच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी घेऊन येणारे बरेच जण दारातूनच सांगतात, "दादा, मागचा लाइट दिसतच नाही, जरा जास्त वॉटचा बल्ब टाकून द्या ना." तेवढं सोडून बाकी सगळं करून देतो, असं आमचं उत्तर असतं. 2023 च्या जानेवारीत आपल्या बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसला विंटेज गाड्यांचा मोठा शो झाला तेव्हा लोकांनी क्रोम बघितलं, पेंट बघितला, दिवसाढवळ्या टेल लाइटकडे कोण बघतंय. पण तुमची गाडी रात्री लग्नाहून परत येताना गोल्डन चोकडीला ट्रकच्या पुढे असते तेव्हा मागच्या ट्रकवाल्याला क्रोम दिसत नाही, दिसलेच तर ते दोन लाल लाइट दिसतात.

व्होल्टेज हरवतं कुठे

साध्या फिलामेंटच्या बल्बचं असं आहे की व्होल्टेज थोडं पडलं की प्रकाश भरपूर पडतो, 10 टक्के व्होल्टेज कमी झालं तर प्रकाश साधारण 30 टक्के गेला. 12 व्होल्टच्या गाडीत वाटेत 1 व्होल्ट खाल्ला गेला तर माणूस चालवून घेतो, पण 6 व्होल्टच्या गाडीत तोच 1 व्होल्ट गेला की प्रकाश जवळजवळ निम्मा. त्यात 6 व्होल्टला करंट पण दुप्पट, म्हणजे ब्रेकचा 21 वॉटचा बल्ब 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो आणि 6 व्होल्टवर साडेतीन, त्यामुळे तोच गंजलेला जोड तिथे जास्त खातो. म्हणून जुनी जावा नाहीतर राजदूत वाल्यांची तक्रार सगळ्यात जास्त असते, आणि ती खरी असते.

आता खातं कोण? बॅटरीपासून दिव्यापर्यंत जायला वायर आहे पण परत यायला बहुतेक गाड्यांत वायर नाहीच, बॉडीतूनच यायचं, यालाच अर्थिंग म्हणतात. बल्बच्या टोपीतून होल्डरला, होल्डरमधून दिव्याच्या पत्र्याला, पत्र्यातून स्क्रूला, स्क्रूतून मडगार्डला, मडगार्डमधून चासीला आणि मग कुठे बॅटरीला, आणि या प्रत्येक जोडावर इतक्या वर्षांचा गंज. हौसेनं रिस्टोर केलेल्या गाडीत तर वेगळीच गंमत होते, पेंट आणि पावडर कोटिंग इतकं छान बसलेलं असतं की स्क्रूला पत्र्याचा मेटल लागतच नाही, मग चकचकीत होऊन आलेल्या गाडीचा लाइट आधीपेक्षा मंद, आणि मालक विचारतात एवढे पैसे घातले ते कशासाठी. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं त्यांनी तर होल्डर उघडून बघाच, वरून काही कळत नाही, आत हिरवी पावडर धरलेली असते.

घरी मल्टीमीटर असेल तर तपासणी पाच मिनिटांची आहे. कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा (लाइट चालू असतानाच मोजायचं, बंद असताना सगळं ठीकच दिसतं), मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या (बॉडीला जोडलेल्या) टर्मिनलला आणि दुसरी बल्ब होल्डरच्या पत्र्याला. इथे 0.1, फार तर 0.2 व्होल्ट दिसायला हवं, त्याच्या वर दिसलं की चोर अर्थिंगमध्ये आहे. मग दुसऱ्या बाजूने, बॅटरीच्या दुसऱ्या, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या टर्मिनलपासून होल्डरच्या आतल्या पॉइंटपर्यंत मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त जात असेल तर ब्रेकचा स्विच, फ्यूजचा होल्डर आणि वायरचे बुलेट जोड (गोळीसारखं टोक नळीत घुसवलेले) एकेक करून बघायचे. मीटर नसेल तर बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपासून एक लांब वायर दिव्याच्या पत्र्याला नुसती टेकवून बघा, लाइट एकदम उजळला तर उत्तर मिळालं.

इलाज स्वस्त आहे. होल्डर काच पेपरने आतून घासायचा, आतली स्प्रिंग मेली असेल तर बदलायची, आणि दिव्याच्या बॉडीपासून सरळ चासीपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची वेगळी अर्थ वायर टाकायची, टोकाला थिंबल (स्क्रूखाली बसणारी कडी), खाली खरवडलेला उघडा मेटल, दातेरी वॉशर, आणि वरून व्हॅसलीन म्हणजे पावसाळ्यात परत गंज नको. ही वायर लपवून जाते, कोणाला दिसत नाही.

एक बारीक गोष्ट. टेल आणि ब्रेकचा एकच बल्ब असतो त्याच्या दोन पिना मुद्दाम वर-खाली असतात, उलटा बसू नये म्हणून. पण होल्डर झिजला असेल तर जोर लावून उलटा बसतो, मग टेल लाइट ब्रेकसारखा जळतो आणि ब्रेक दाबल्यावर फारसा फरकच पडत नाही. तसं होत असेल तर गाडी चालवू नका, आधी होल्डर बदलून घ्या.

लेन्स आणि आतला पत्रा

याकडे कोणी बघत नाही. दिव्याच्या आतला पत्रा एके काळी चमकदार होता, आता चॉकलेटी झालाय. क्रोम करायची गरज नाही, चकचकीत पांढरा नाहीतर सिल्व्हर पेंट पण छान काम करतो, फक्त होल्डरच्या आत आणि स्क्रूच्या जागी पेंट जाऊ द्यायचा नाही, नाहीतर वर सांगितलेली कथा परत. प्लास्टिकची लेन्स साबणाच्या पाण्याने धुवा, बारीक रबिंग कंपाउंडने पॉलिश करा, थिनर आणि पेट्रोल अजिबात नको, चिरा पडतात आणि जुन्या गाडीची लेन्स शोधणं काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

याच लेन्समुळे जास्त वॉटच्या बल्बला आमचा नकार असतो. उष्णतेने लेन्स वितळते, जुनी वायर तापते, करंट वाढला की जोडावर व्होल्टेज अजून पडतं, आणि डायनमो तर सिग्नलला उभं असताना धड चार्ज पण करत नाही.

एलईडी टाकू का?

टाका, पण वरचं सगळं झाल्यावर, आणि बघून. लाल लेन्सच्या मागे लाल एलईडीच घ्या, पांढऱ्या एलईडीत लाल रंग कमी असतो, लेन्समधून जाऊन फिक्कट गुलाबी उजेड येतो आणि पैसे गेले. पण जीप, बुलेट, लॅम्ब्रेटा अशा बऱ्याच गाड्यांत त्याच दिव्याच्या खालच्या पांढऱ्या खिडकीतून नंबर प्लेटवर उजेड पडतो, तिथे लाल एलईडी टाकला की नंबर प्लेट लाल. सेंट्रल मोटार व्हेईकल रूल्सप्रमाणे मागचा लाल लाइट 155 मीटरवरून दिसायला हवा आणि नंबर पांढऱ्या उजेडात 15 मीटरवरून वाचता यायला हवा, म्हणून अशा दिव्यात मागे लाल आणि खाली पांढरा टाकणारा बल्ब लागतो, नाही मिळाला तर साधा बल्बच बरा.

जुन्या इंग्लिश गाड्यांमध्ये बऱ्याच वेळा बॅटरीचा मायनस नाही तर प्लस बॉडीला जोडलेला असतो, तिथे बाजारातला साधा एलईडी बहुतेक वेळा पेटतच नाही, लोक खराब समजून फेकून देतात. आणि जुन्या बजाज स्कूटरचे लाइट बॅटरीवर नाही, इंजिनसोबत फिरणाऱ्या मॅग्नेटोच्या एसीवर चालतात, तिथे एलईडी फडफडतो, आधी एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर बसवावा लागतो. इंडिकेटरला एलईडी टाकलात तर जुना फ्लॅशर पण बदला, त्याला बल्बचा लोड लागतो, नसला तर तो नीट उघडझाप करत नाही. घेताना एकदा दुकानातच ब्रेक आणि टेल दोन्ही लावून बघा, स्वस्तातल्या काही एलईडीत दोन्ही सारखेच दिसतात, मग मागच्याला कळणार कसं की तुम्ही ब्रेक मारलाय?

50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 2021 च्या नियमांपासून व्हीए सिरीजचा विंटेज नंबर मिळतो आणि त्यात गाडीची चासी, बॉडी, इंजिन मुळातलं राहायला हवं. आम्ही टेल लाइटच्या कामात बॉडीला एकही नवीन भोक पाडत नाही, जे लावतो ते काढून परत जसंच्या तसं करता येतं, आणि काढलेले जुने होल्डर, बल्ब पिशवीत घालून तुम्हाला परत देतो, कितीही सडलेले असले तरी.

तपासणीचे पैसे नाहीत, मीटर लावून तुमच्यासमोरच आकडा दाखवतो. येताना बॅटरी चार्ज करून आणा, आणि शक्य असेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावर या, उन्हात काही कळत नाही. सोमवारी बंद.