स्कॅन झालं म्हणजे पुस्तक मुक्त झालं?

‘ग्रंथालयाची परवानगी आहे, स्कॅन करा आणि विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पावर, मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात) चढवा’ हा समज काही केल्या जात नाही. ग्रंथालयाकडे प्रत असते, हक्क (कॉपीराइट) नव्हे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतो, तोही पुढच्या वर्षारंभापासून मोजून. म्हणजे १९६४मध्ये गेलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५ला खुलं झालं. त्याआधी हक्कधारकाची लेखी संमती हवी आणि तीत मुक्त परवान्याचं नाव हवं, उदाहरणार्थ क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए (श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून कुणीही वापरावं). ‘फक्त बिगरव्यापारी वापरासाठी’ एवढं भाबडं वाक्य जोडलं, तरी विकिमीडिया कॉमन्सवरून, म्हणजे स्कॅन जिथे ठेवतात त्या फाइल-भांडारातून, फाइल उडते. गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोश २०१३मध्ये असाच रीतसर परवाना देऊन खुला केला. स्कॅननंतर खरी मेहनत: ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारी प्रणाली) ‘घ’चा ‘ध’ करतो, रफार गिळतो. विकिस्रोतावर एकाने तपासलं की पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्याने पडताळलं की हिरवी.