आयटीआयचा अर्ज: कागद आधी काढा, मग विकल्पांचा क्रम लावा

दहावीचा निकाल लागला की आमच्या आळीतली दोन-चार पोरं प्लास्टिकची फाइल घेऊन दारात उभी राहतात. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, इलेक्ट्रिशियन मिळेल का?" माझा उलट प्रश्नही ठरलेला: "नॉन-क्रीमीलेअर काढलंय का?" तिथे बहुतेकांचे चेहरे पडतात.

महाराष्ट्रातल्या सरकारी आणि खासगी आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून, केंद्रीय पद्धतीने होतात. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. तिशीतला माणूसही वर्गात बसू शकतो, आणि बसतो. चालक तथा मेकॅनिकसारख्या ट्रेडला मात्र १८ पूर्ण लागतात.

दहावी नापास म्हणजे दार बंद, असंही नाही. वेल्डर, वायरमन, सुतारकाम, शीट मेटल वर्कर यांसारखे काही ट्रेड नापासांनाही खुले असतात. फिटर, इलेक्ट्रिशियनला दहावी पास हवी, तीही गणित आणि विज्ञान घेऊन. कोपा म्हणजे कॉम्प्युटरचा एक वर्षाचा ट्रेड. त्यालाही दहावी पास लागते. प्रत्येक ट्रेडची पात्रता माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ती मोबाइलवर उतरवून घ्या आणि खरंच वाचा.

आता कागद. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचा पुरावा. राखीव प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचा दाखला. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर मागास प्रवर्गांना त्याच्या जोडीला नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे घर सधन गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र. ते त्यावर छापलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपतं. मोठ्या भावाच्या वेळचा कागद पुढे करणारे दर वर्षी भेटतात, म्हणून छापलेली तारीख बघा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज असेल तर त्याचं प्रमाणपत्र वेगळं. पडताळणीला मूळ कागद दाखवता आला नाही तर त्या प्रवर्गाचा दावा टिकत नाही. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते, त्यामुळे हे काम निकालाची वाट न बघता एप्रिलमध्येच उरकावं. चित्रकलेची इंटरमीजिएट, एनसीसी, खेळ यांची प्रमाणपत्रं घरात पडली असतील तर तीही फाइलमध्ये ठेवा, गुणवत्तेत त्यांचा उपयोग होऊ शकतो.

नावाचं एक बघा. गेल्या वर्षी एका मुलाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'दत्तात्रय' होतं, आधारवर 'दत्ता'. पोरगं तीन चकरा मारून थकलं. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, अक्षरन् अक्षर तसंच लिहायचं. आधारची दुरुस्ती आधी करून घ्यायची.

अर्ज भरताना मोबाइल नंबर स्वतःचा किंवा आईवडिलांचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढचे सगळे निरोप त्याच नंबरवर येतात. फॉर्म भरून झाला की जवळच्या सरकारी आयटीआयत जाऊन मूळ कागद तपासून घ्यायचे आणि अर्ज निश्चित करायचा. शुल्क खुल्या प्रवर्गाला १५० रुपये, राखीवला १००. निश्चित झाल्यावर माहिती सहज बदलता येत नाही, त्यामुळे त्याआधी प्रिंट काढून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. आपली चूक आपल्याला दिसत नाही.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि पोरं तीच पाच मिनिटांत उरकतात: विकल्प भरणं. एक विकल्प म्हणजे एक संस्था आणि त्यातला एक ट्रेड. जास्तीत जास्त १०० विकल्प देता येतात. पहिल्या फेरीत तुमचा पहिल्या क्रमांकाचाच विकल्प लागला तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. म्हणून 'टाकून बघू' म्हणत पहिल्या जागी भलतंच काही टाकू नका. क्रम लावताना आधी ट्रेड ठरवा, मग संस्था. घरापासून रोज एसटीने जाऊन-येऊन जमेल का, हेही त्यातच धरा, कारण ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. फिटर, मशिनिस्टला मुलींचे अर्ज कमीच येतात, पण 'हे मुलींचं काम नाही' म्हणणाऱ्या काकांचं ऐकून विकल्प खोडू नका.

मग प्राथमिक गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, फेऱ्या, आणि शेवटी उरलेल्या जागांसाठी समुपदेशन फेरी. तारखा दर वर्षी बदलतात. व्हॉट्सॲपवर फिरणारं वेळापत्रक धरून चालू नका, संकेतस्थळ बघा. खासगी आयटीआय निवडताना तिथल्या त्या ट्रेडला केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी, जुन्या बोलीत एनसीव्हीटी) संलग्नता आहे का, हे शुल्क भरण्याआधी विचारा. शेवटी हातात पडणाऱ्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राचा प्रश्न आहे.

वर्ग सुरू झाला की फिटरचं पोरगं पहिले काही आठवडे व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून कानस चालवत बसतं. एक बाजू सपाट झाली असं वाटतं. निदेशक गुण्या लावून तो तुकडा उजेडाकडे धरतात आणि फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसते. पुन्हा कानस. तळहाताला फोड येतात. कंटाळून सोडणारे इथेच सोडतात, म्हणून विकल्प भरण्याआधी एकदा वर्कशॉप बघून या.

आयटीआयत शिकणाऱ्यांचं विद्यावेतन वर्षानुवर्षं महिन्याला ४० रुपये होतं. २०२३ मध्ये सरकारने ते ५०० करायचं ठरवलं. उत्पन्नाची अट आहे, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. त्याची प्रवेश प्रक्रिया स्वतंत्र आहे.

नोकरीच्या आधी शिकाऊ उमेदवारी करा, असंच मी सांगतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ घ्यावेच लागतात, आणि त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावं लागतं. नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते. कंपनीच्या गेटवर कुणी 'आत लावून देतो' म्हणून पैसे मागितले तर सरळ घरी या. पोर्टलवरही नाव आधारशी जुळावं लागतं, बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. आमच्या दत्तात्रयच्या पोराला मी आत्ताच बँकेत पाठवलंय.